न फुटलेल्या अंड्यांचं प्रकरण: निफाडची थंडी आणि रेशीमकिड्याची झोप

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. निफाड तालुक्यात त्याची रेशीमकिड्यांसाठी लावलेली दीड एकर तुती आहे; बाकी रान द्राक्ष आणि कांद्याखाली, जसं तिकडं सगळ्यांचंच असतं. "तू प्राणिशास्त्र शिकवतेस ना? मग ये आणि सांग, मला खोटं बियाणं दिलंय की नाही." दादा चिडला की प्रश्न असा विचारतो की उत्तर त्यातच असतं.

झालं होतं ते असं. जुलैअखेर त्यानं चॉकी केंद्रातून, म्हणजे अंडी उबवून लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रातून, दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणल्या. बॅच चांगली गेली, कोष घट्ट आणि पांढरेशुभ्र निघाले. विकायच्या आधी त्यानं त्यातले हाताला मोठे वाटणारे शंभरेक कोष बाजूला काढले. पतंग बाहेर आले, जोड्या लागल्या, माद्यांनी खाकी कागदावर अंडी घातली. एकेका मादीची चारशे-पाचशे. दहा-अकरा दिवसांत अंडी फुटायला हवी होती. पंधरा झाले, वीस झाले, कागद होता तसाच. शेडमध्ये रॅक धुऊन, चुना मारून तयार. तुती कापणीला आलेली. आणि अळी एक नाही.

रेशीमवाल्यांना पहिला प्रश्न पडेल तो हा, की घरची अंडी धरायचीच कशाला? त्यावर शेवटाकडे येते. पण दादाला धीर आला होता तो आधीच्या अनुभवामुळे. फेब्रुवारीत त्यानं हाच उद्योग केला होता आणि तेव्हा एकूण एक कागद अकराव्या-बाराव्या दिवशी फुटला होता. जात तीच, एफसी-१ आणि एफसी-२ यांचा बायव्होल्टाइन (वर्षाला दोन पिढ्यांचा) दुहेरी संकर. माणूस तोच, शेड तेच. मग या वेळी पुरवणाऱ्यानंच काहीतरी वेगळं दिलं असणार, हा त्याचा निष्कर्ष तसा बिनबुडाचा नव्हता. फक्त चुकीचा होता.

मी गेले तेव्हा वहिनींनी कागद एका पत्र्याच्या डब्यातून काढून दाखवले. भिंगाखाली धरल्यावर निम्मं प्रकरण तिथंच सुटलं. फळलेली नसतील तर रेशीमकिड्याची अंडी पिवळीच राहतात आणि काही दिवसांत मधोमध खड्डा पडून चपटी होतात. मेलेली अंडी सुकतात, आक्रसतात. ही अंडी भरलेली होती, टणक होती, आणि सगळी एकसारख्या जांभळट-राखाडी रंगाची, पाटीच्या दगडासारखी. वहिनींना रंगाचा क्रम नीट आठवत होता: घातली तेव्हा लोण्यासारखी, दुसऱ्या दिवशी गुलाबीवर, चार-पाच दिवसांत राखाडी, आणि मग काहीच नाही. "फेब्रुवारीतली अशी काळवंडलीच नव्हती ताई. ती पिवळी होती, मग टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला, आणि निळी होऊन फुटली." असा साक्षीदार क्वचित मिळतो.

खात्रीसाठी एक तुकडा कॉलेजात नेला. कॉस्टिक पोटॅशच्या गरम द्रावणात अंडी बुडवली की कवच मऊ पडतं आणि आतला गर्भ काढता येतो. वीस दिवसांच्या अंड्यात तयार अळी नव्हती, कुजलेला गोळाही नव्हता. एक पांढुरकी पट्टी होती, एका टोकाला जरा रुंद. हा दोन-तीन दिवसांचा गर्भ. तिथवर वाढून तो थांबला होता; पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर येऊन उभ्या होत्या. अंडी मेलेली नव्हती. झोपली होती. पुस्तकी मराठीत सुप्तावस्था, आमच्या वर्गात डायपॉज.

झोपणारे किडे दादाला नवीन नाहीत. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवानंतर कडुनिंबावर कसे तुटून पडतात हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याचा प्रश्न वेगळा आणि जास्त टोकदार होता: "झोपायची जात असेल तर फेब्रुवारीत का नाही झोपली?"

इथं भिंतीवरचं कॅलेंडर कामाला आलं. वहिनी त्यावर दुधाचा हिशेब, भिशी, गॅस सिलिंडर सगळं लिहितात, आणि 'अंडी आली', 'फुटली', 'कोष काढले' हेही. डिसेंबरचं पान उलटलं. फेब्रुवारीत अंडी घालणाऱ्या माद्या स्वतः ज्या अंड्यांतून आल्या, ती अंडी डिसेंबरात आली होती, आणि त्या वेळी चॉकी केंद्र बंद असल्यामुळे दादानं ती थेट घरी आणून उबवली होती. 'अंडी आली' आणि 'फुटली' या दोन नोंदींत अंतर होतं बावीस दिवसांचं. पंचवीस अंशाला दहा-अकरा दिवस लागतात. बावीस म्हणजे अंडी भलत्याच गारठ्यात होती. आणि होतीच. डिसेंबरात निफाडचा पारा किती उतरतो ते सगळा महाराष्ट्र बातम्यांत वाचतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. अंडी ठेवली होती उत्तरेच्या खोलीत, उंदीर-मुंग्यांच्या भीतीनं धान्याच्या रिकाम्या पत्र्याच्या कोठीत, झाकण लावून. म्हणजे तीन आठवडे गार आणि पूर्ण अंधार.

जुलैची बॅच मात्र केंद्रात उबली. तिथं कायद्यात बसेल तसं सगळं होतं: पंचवीस अंश तापमान, दमट हवा, सोळा तासांहून जास्त उजेड, आणि फुटण्याआधीचे एक-दोन दिवस तेवढे काळ्या कापडाखाली.

बायव्होल्टाइन रेशीमकिड्यात अंडं झोपणार की सरळ फुटणार हे त्या अंड्यावरच्या हवामानानं ठरत नाही. ते त्याच्या आईनं, ती स्वतः अंड्यात गर्भ असताना, काय भोगलं त्यावर ठरतं. आई पंचवीस अंशात आणि उजेडात उबली असेल तर ती मोठी झाल्यावर झोपणारी अंडी घालते. पंधरा अंशात आणि अंधारात उबली असेल तर फुटणारी. मधल्या तापमानाला, वीसच्या आसपास, दिवसाची लांबी पारडं इकडं-तिकडं झुकवते. दादाच्या सप्टेंबरच्या अंड्यांचं भवितव्य सप्टेंबरात नव्हे, जुलैत, चॉकी केंद्राच्या ट्यूबलाइटखाली ठरलं होतं. तेव्हा ती अंडी अस्तित्वातही नव्हती.

ऐकायला हे उलटं वाटतं. ऊब मिळाली तर पुढची पिढी झोपते आणि गारठा मिळाला तर जागी राहते? पण या जातींचे पूर्वज चीन-जपानकडचे, आणि तिथलं वर्ष डोळ्यांसमोर आणलं की हिशेब जुळतो. वसंतात, हवा गार आणि दिवस अजून लहान असताना जो गर्भ वाढतो, त्याची मादी उन्हाळ्याच्या तोंडावर अंडी घालणार. पुढं पाला भरपूर, मग झोपायचं कशाला? उन्हाळ्यात, लांब दिवसांत जो गर्भ वाढतो, त्याच्या मादीची अंडी हिवाळ्याच्या तोंडावर येणार. ती झोपलेलीच बरी. वर्षाला दोन पिढ्या, म्हणून बायव्होल्टाइन. निफाडचा डिसेंबर त्या किड्यानं जपानचा वसंत म्हणून वाचला. आमच्याकडं डिसेंबरचा दिवस अकरा तासांच्या आसपास आणि जूनचा सव्वातेरा, म्हणजे फरकही फारसा नाही. पण बंद कोठीत तोही प्रश्न उरला नव्हता.

दादाला हे पटलं असं मी म्हणणार नाही. तो म्हणाला, "तुझं पुस्तक खरं असेल. पण मला दोन बॅचचं बियाणं एकच होतं याचा पुरावा कुठंय?" रास्त आक्षेप. डिसेंबर आणि जुलैच्या अंड्यांत सात महिन्यांचं अंतर होतं आणि ती वेगवेगळ्या माद्यांची होती.

म्हणून ऑक्टोबरात एकच ताजा अंडीपुंज मागवला, एका मादीची अंडी, आणि त्याचा कागद वहिनींच्या समोर कात्रीनं मधोमध कापला. एक अर्धा कॉलेजच्या इन्क्युबेटरमध्ये पंधरा अंशाला, अंधारात. दुसरा पंचवीस अंशाला, दिवा चालू ठेवून. सख्ख्या बहिणी, म्हणजे बियाणं वेगळं असण्याची सोयच नाही. उबेतला अर्धा दहाव्या दिवशी फुटला. गारव्यातला महिनाभर रखडला. पुढं दोन्हीकडच्या अळ्या एकाच खोलीत, एकाच तुतीवर वाढवल्या. दिवाळीच्या सुट्टीत दादाच्या शेतातला पाला ओल्या पोत्यात बांधून कॉलेजच्या वॉचमनकाकांकडं यायचा आणि ते मुलांच्या मायेनं तो ट्रेवर पसरायचे. त्यांचे आभार कुठल्याच प्रबंधात छापले जाणार नाहीत, म्हणून इथं.

पतंग निघाले, अंडी घातली. उबेतल्या माद्यांचे सगळे कागद पाचव्या दिवशी राखाडी. गारव्यातल्या माद्यांचे फिकट पिवळे, आणि ते फुटलेही. एक मादी मात्र अपवाद निघाली: गारव्यातली असून तिच्या कागदावर पिवळ्यांत राखाडी अंडी पेरल्यासारखी मिसळलेली. असं होतं. संप्रेरक कमी-जास्त पडलं की एकाच मादीत दोन्ही प्रकार दिसतात. दादानं नेमका तोच कागद उचलून धरला आणि म्हणाला, "हिला ठरवताच आलं नाही."

संप्रेरकाची गोष्ट १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची. सोइची फुकुदा आणि किन्साकु हासेगावा या दोन जपानी संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवलं की मादीच्या कोषावस्थेत, अन्ननलिकेखालच्या एका छोट्या चेतागुच्छातून काहीतरी स्रवतं आणि ते वाढत्या अंड्यांना झोपवतं. फुटणारी अंडी घालायच्या मादीत तो गुच्छ दुसऱ्या मादीतून काढून बसवला तर तीही झोपणारी अंडी घालते. ते रसायन पुढं हाती लागलं: २४ अमिनो आम्लांची एक लहानशी साखळी. गंमत म्हणजे तिचं जनुक एकटीपुरतं नाही. त्याच जनुकातून एकूण पाच साखळ्या कापून निघतात आणि त्यांतली एक मादीच्या नराला बोलावणाऱ्या गंधाचं काम बघते. या संप्रेरकामुळं अंड्यात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवणीच्या साखरेचा, साठा वाढतो, मग त्याचं सॉर्बिटॉल हे साखरेसारखंच रसायन बनतं आणि गर्भ थबकतो. राखाडी रंगही त्याच ओघात येतो. पण रंग म्हणजे झोप नव्हे, कारण रंग चढूनही न झोपणाऱ्या अंड्यांचे उत्परिवर्ती वाण प्रयोगशाळांत आहेत.

गर्भाला तापमान कळतं कसं, हे त्या मानानं अलीकडचं. २०१४ मध्ये जपानी गटानं दाखवलं की गर्भात टीआरपीए-१ नावाचं एक प्रथिन असतं, पेशीच्या पटलातलं झडपेसारखं, आणि ते साधारण २१ अंशांच्या वर उघडतं. त्याचं जनुक दाबलं की उबेतली मादीही गारव्यातल्यासारखी वागू लागते. उजेड-अंधार मोजायचं काम शरीराच्या रोजच्या घड्याळाकडं. पीरियड, टाइमलेस, क्लॉक, सायकल ही जनुकं रेशीमकिड्यात बंद केली की दिवसाच्या लांबीला मिळणारा प्रतिसाद बिघडतो.

इथवर ऐकून वहिनींनी विचारलं, "म्हणजे सगळं हवेवरच. मग जातीचं काय?"

त्यांना उत्तर कांद्याच्या वाफ्यात मिळालं. रांगड्या कांद्याला थंडी लागली की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात, पण शेजारी-शेजारी दोन वाण लावले तर एकात जास्त येतात, एकात कमी. थंडी तीच, किती थंडीला काय करायचं हे वाणाच्या आत. रेशीमकिड्यातही तसंच. पूर्वापार दक्षिणेत पाळलेली प्युअर म्हैसूर ही मल्टीव्होल्टाइन, म्हणजे वर्षाला अनेक पिढ्यांची, जात उबेत ठेवा नाही तर गारव्यात, तिची अंडी झोपत नाहीत. थंड प्रदेशातल्या एकपिढी जाती काहीही केलं तरी झोपणारीच अंडी घालतात. हवेचं ऐकणाऱ्या मधल्या त्या बायव्होल्टाइन. म्हणजे जनुक झोप देत नाही की जाग देत नाही, ते कान किती तिखट ते ठरवतं.

हे जनुक शोधणं जिकिरीचं होतं, कारण परिणाम एक पिढी उशिरा दिसतो. मेंडेलचे नियम रेशीमकिड्याला लागू पडतात हे कामेतारो तोयामा यांनी १९०६ मध्येच दाखवलं होतं. पण अंड्याची काही लक्षणं गर्भाच्या नव्हे तर आईच्या जनुकांप्रमाणे ठरतात, हे कोडं त्यांना पुढं वेगळं मांडावं लागलं. कर्नाटकात म्हैसूर मादी आणि बायव्होल्टाइन नर असा संकर चालतो. ती अंडी म्हैसूर मादीनं घातलेली, म्हणून दहा दिवसांत फुटतात. हाच संकर उलटा करा, मादी बायव्होल्टाइन आणि नर म्हैसूर, की गर्भात त्याच दोन जातींचं रक्त असूनही अंडी झोपू शकतात.

दादाला यातली खरी मजा शेवटी कळली. रेशीमकिड्यात मादीची लिंगगुणसूत्रं झेड आणि डब्ल्यू, नराची दोन झेड. म्हणजे लेकीला तिचं एकुलतं झेड बापाकडून मिळतं. आणि जुन्या संकर-प्रयोगांनी पिढ्यांची संख्या ठरवणारं मुख्य स्थान बसवलं ते झेडवरच. बाकी गुणसूत्रांवर त्याला कमी-जास्त करणारी जनुकं आहेतच. "म्हणजे लेक अंडी कशी घालणार ते अर्धं तिच्या अंड्यातल्या हवेनं आणि अर्धं बापानं ठरवायचं," तो म्हणाला, आणि वहिनींकडं बघून पुढचं काही बोलायचं टाळलं. अमेरिकेतल्या मक्याच्या युरोपीय खोडकिड्यातही वर्षाला एक पिढी की दोन, हा फरक ज्या दोन जनुकांशी जोडला गेला, पीरियड आणि घड्याळाच्या संदेशाचा एक ग्राहक, तीही झेडवरच आहेत. तिथं झोपते ती पूर्ण वाढलेली अळी, अंडं नव्हे. तरी धागा त्याच गुणसूत्रावर सापडावा याचं मला अजून नवल वाटतं.

आता उरलेला व्यवहार. झोपलेली अंडी उठवता येतात आणि बीजकेंद्रं ते रोज करतात. अंडी घातल्यावर साधारण वीस ते चोवीस तासांत, १.०७५ विशिष्ट गुरुत्वाच्या आणि ४६ अंशांच्या हायड्रोक्लोरिक आम्लात पाचेक मिनिटं बुडवतात. मग ती झोपतच नाहीत. हे सांगितल्याबरोबर दादा म्हणाला, "म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्याला पेस्ट लावतो तसं." अगदी तसं. द्राक्षाच्या डोळ्याला हायड्रोजन सायनामाइड, रेशमाच्या अंड्याला आम्ल. दोन्हीकडं न मिळालेल्या थंडीची भरपाई. पण तो पहिला दिवस केव्हाच उलटला होता, आणि गरम आम्लाची भांडी घरात आणायला मी तशीही हो म्हटलं नसतं. दुसरा रस्ता खऱ्या हिवाळ्याचा: पाच अंशांच्या आसपास दोन-तीन महिने. त्यात सॉर्बिटॉल हळूहळू परत ग्लायकोजेन होतं आणि गर्भ पुढं सरकायला मोकळा होतो. सहा कागद ऑक्टोबरच्या मध्यावर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, हवेशीर डब्यात गेले.

पुरवणाऱ्याची तक्रार करायचा विषय तिथंच संपला. घरची अंडी धरायचा विषयही, पण तो झोपेपायी नव्हे. संकराच्या पोटच्या पिढीत गुण फुटतात, कोष लहान-मोठे निघतात. फेब्रुवारीच्या अंड्यांपासून झालेला माल जालन्याच्या बाजारात नेला तेव्हा बोलीत ते दिसलंच होतं. आणि पेब्रीन. हा रोग आईकडून अंड्यात उतरतो, म्हणून अंडी घातल्यावर मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. पाश्चर यांनी १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये घालून दिलेली रीत. 'रोगमुक्त' हा शब्द अंडीपुंजाला लागतो तो त्यामुळं. दादानं एकही मादी तपासली नव्हती. फेब्रुवारीत त्याचं निभावलं.

फ्रीजमधले कागद जानेवारीच्या मध्यावर बाहेर काढले. दोन-तीनदा वीज गेली होती, म्हणून मला फार आशा नव्हती. बाराव्या दिवसापासून फुटायला लागले, तेही सलग नाही, पाच-सहा दिवस रेंगाळत, जेमतेम निम्मे. तुतीची छाटणी नुकतीच झालेली, रानात पानाचा पत्ता नाही. वहिनींनी बांधावरच्या एका जुन्या तुतीचे कोंब आणून दोन दिवस खाऊ घातले, मग सगळ्या अळ्या कोंबड्यांपुढं टाकल्या.

कॅलेंडरवर नोंद आहे: 'फ्रीजची फुटली'. आणि पुढं, पहिल्यांदाच, खोलीचं तापमान: २४. थर्मामीटर कोठीच्या झाकणाला दोऱ्यानं बांधलेला आहे.